चौथीच्या वर्षात कॉन्व्हेंट काय शिकवते?

आपल्या वस्त्यांतून कॉन्व्हेंटमध्ये जाणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. वलगावहून सकाळी अमरावतीकडे निघणाऱ्या ऑटोंत टाय लावलेली, अर्धवट झोपेतली मुले दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांत बौद्ध घरांतली मुले बरीच असतात. याविषयी आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते आहेत. एक म्हणते, इंग्रजी आली की जात मागे पडते. बाबासाहेबांनी जगाशी वाद इंग्रजीतच घातला. दुसरे म्हणते, पोर आपल्या माणसांतून उठून जाते आणि वर फादर-सिस्टरांच्या धर्माची सावली पडते. दोन्ही मते मी सभांतून ऐकली. मात्र ती मांडणाऱ्यांपैकी कोणी कॉन्व्हेंटमधल्या मुलाच्या वह्या वर्षभर उघडून पाहिल्याचे मला आढळले नाही.

माझ्या घरात तशी सोय होती. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात माझी भाची अमरावतीच्या एका कॅथलिक शाळेत चौथीत होती आणि भावाचा मुलगा एका लहान खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीतच होता. दोघांच्या वह्या मी महिन्यातून एकदा शेजारी ठेवून पाहत असे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. चौथी हा शब्द आमच्याकडे एका भिंतीसारखा उच्चारला जातो. आईची शाळा तिथेच संपली, काकांची तिथेच संपली. भिंतीपलीकडे गेलेल्या पिढीने तरी त्या वर्गात काय चालते ते नीट पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

पहिली गोष्ट ही की पुस्तके तीच आहेत. कॉन्व्हेंटमध्ये काही वेगळे, गुप्त ज्ञान मिळते अशी आपल्या आयाबहिणींची समजूत असते. पण महाराष्ट्रातल्या अनेक कॅथलिक शाळा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवतात. भाचीची शाळाही त्यांतलीच. पुतण्याला त्या वर्षी सरकारने दिलेली, मध्ये वहीची पाने घातलेली चार भागांतली मोफत पुस्तके मिळाली. भाचीची सुटी सुटी होती आणि विकत घ्यावी लागली. आतला मजकूर एक. ‘परिसर अभ्यास’ दोघांना होता, ‘शिवछत्रपती’ दोघांना होते. १९७० पासून महाराष्ट्रातल्या चौथीचा इतिहास म्हणजे शिवचरित्र. पुतण्याने ‘गड आला पण सिंह गेला’ मराठीत पाठ केला, भाचीने तोच धडा इंग्रजीत. तिच्या आजीला त्या इंग्रजीतून तानाजी काही सापडला नाही.

मग फीच्या पैशातून येते काय? खासगी प्रकाशकांची तीन-चार जादा पुस्तके येतात : संगणक, सामान्य ज्ञान, वळणदार इंग्रजी अक्षराची वही आणि मॉरल सायन्स. इंग्रजी येते, यात शंका नाही. वर्षाच्या शेवटी भाची पाच-सहा वाक्यांत आपले म्हणणे इंग्रजीत सांगू लागली. त्याच वर्षी आजीने किराणा आणायला सत्तेचाळीस रुपये दिले तर तिने मला विचारले, “मामा, सत्तेचाळीस म्हंजे फोर्टी सेव्हन का फिफ्टी सेव्हन?” (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ अशी जोड सुचवली तेव्हा मराठीच्या अभिमान्यांनी केवढा गहजब केला होता. ज्यांची स्वतःची नातवंडे सत्तेचाळीस ओळखत नव्हती, तेही त्यात होते.) पुतण्या मात्र बाजारात बापाबरोबर बसलेला. भाव, वजन, सुटे पैसे यांचा हिशेब तो तोंडी करी.

फीचा खरा मोबदला इंग्रजीत नाही, असे माझे मत वर्षअखेर बनले. मोबदला उभे राहण्यात आहे. भाचीच्या शाळेत आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला वर्गापुढे येऊन दोन मिनिटे बोलावे लागे. विषय क्षुल्लक असत, माझे कुत्रे, माझा पाऊस. चुकले तरी बसा म्हणत नसत. वर्षभरात तिच्या वाट्याला तीसएक वेळा ते उभे राहणे आले. तुम्ही पुढे जाणार आहात असे तिथे कोणी शब्दांत सांगत नाही. ते गृहीत धरूनच सगळे चालते. पुतण्याचे गुरुजी मनाने चांगले, पण दोन वर्ग त्यांच्या एकट्याच्या अंगावर. त्यात पोषण आहाराची नोंद, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी मतदार याद्यांचे काम. त्या वर्षात पुतण्या वर्गापुढे किती वेळा बोलला, असे मी त्याला विचारले. “काहून बोलाव लागते, काका?” असे त्याने मलाच विचारले.

आता धर्माचा प्रश्न. कॅथलिक मुलांना शाळेत कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास असतो. त्या वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीविना, धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. पालकांनी हे माहीत करून घ्यावे. भाचीला कोणी बसवले नाही. प्रार्थनेच्या वेळी म्हटली जाणारी प्रभूची प्रार्थना मात्र तिला पाठ झाली, तशीच घरी त्रिशरण-पंचशील पाठ होते. तिची एक मैत्रीण त्या वर्षी पहिल्या कम्युनियनची तयारी करीत होती. समज आलेल्या मुलाला, साधारण सातव्या वर्षापासून, हा संस्कार द्यावा असा निर्णय पोपनी १९१० मध्ये दिला. त्याआधी मुलाला पापाची कबुली द्यावी लागते. मैत्रिणीने आपली यादी करून ठेवली होती. भाची घरी येऊन म्हणाली, “मामा, आपल्याले कोनापाशी कबूल कराव लागते?”

मी तिला पंचशीलाचा शेवटचा शब्द काढून दाखवला : समादियामि. मी स्वीकारते. दहा आज्ञा वरून आलेल्या आहेत. शील माणूस स्वतः अंगावर घेतो, आणि मोडले तर ज्याचे नुकसान झाले त्याच्यापाशी जावे लागते. तिला हे कितपत पटले ठाऊक नाही. पण असा प्रश्न तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत पडला नसता, हेही मी नोंदवतो. दुसऱ्याच्या धर्मामुळे आपला धर्म विचारायची वेळ आली. यात धर्मांतराचे भय मला कुठे दिसले नाही.

मला खटकले ते निराळेच. मॉरल सायन्सच्या पुस्तकात श्रमाच्या प्रतिष्ठेवर एक धडा होता. हातात झाडू घेतलेल्या बाईचे चित्र, खाली प्रश्न, आणि सगळ्या कामांना सारखा मान द्यावा असे उत्तर. शाळा झाडणाऱ्या बायांना मुले ‘आंटी’ म्हणत, आदराने म्हणत. पण त्या सगळ्या आंटी एकाच वस्तीतून का येतात, हा प्रश्न त्या धड्यात नव्हता. जात हा शब्द वर्षभराच्या एकाही वहीत मला सापडला नाही. तो पुतण्याच्याही वहीत नव्हता. फरक एवढाच की पुतण्याला तो शाळेबाहेर पडताच कळतो. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी. त्यांच्या हातातल्या झाडूबरोबर जातीवरचा प्रश्न असे, आणि ताट मोडून पोराला शिकवा हा आग्रह असे. वलगावच्या मुलीला झाडूवरचा धडा मिळतो तो ते दोन्ही वगळून.

मिशनच्या शाळा नेहमीच अशा गप्प नव्हत्या. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ती प्रॉटेस्टंटांची होती, हे खरे. आणि त्यांच्या शाळेत तीनच वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहून आमचा धर्म कोणता असे विचारले, तो निबंध १८५५ मध्ये मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’नेच छापला. तेव्हाच्या मिशनला शाळेसाठी अस्पृश्यांची मुले हवी होती. आजच्या शहरी कॉन्व्हेंटचा पालक फी भरणारा आहे आणि त्याला जातीची चर्चा नको आहे. चर्चमध्येही अस्पृश्यता आहे हे भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात कबूल केले. ती कबुली चौथीच्या पुस्तकापर्यंत उतरलेली नाही.

शिवाय या शाळेचे दार सगळ्यांना उघडे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्यातून वगळल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. तोवर भाचीच्या बापाला पूर्ण फी भरावी लागली आणि पुतण्याच्या बापाला तो विचारही करता आला नाही. इथे एक गोष्ट आपण विसरतो. केंद्र सरकारने १९९३ मध्ये ज्यांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले त्यांत बौद्धही आहेत. तिसाव्या अनुच्छेदाचा जो हक्क सिस्टरांना आहे तोच आपल्यालाही आहे. पण त्याच्या आधाराने आपणही फीचीच शाळा काढणार असू, तर गरिबाच्या पोराला त्यात काय? मिशनमध्ये शिकलेल्या फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे मिशनच्या शाळा वाढवा असे म्हटले नाही. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण सरकारने आधी हाती घ्यावे, बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करावे, असे म्हटले. माझा कल तिकडे आहे.

भाची त्याच शाळेत पाचवीला गेली. काढून घ्या असे मी बहिणीला म्हटले नाही. तीस वेळा उभे राहणे मी तिच्याकडून हिरावून घेणार नव्हतो. जून २०२४ पासून दर रविवारी वलगावात आम्ही दोन्ही प्रकारच्या शाळांतली चौथी-पाचवीची मुले एकत्र बसवतो. प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे, कुठल्याही भाषेत. कॉन्व्हेंटची मुले बाकीच्यांकडून मराठी पाढे शिकतात आणि त्यांना इंग्रजीतला धडा सांगतात. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली संविधानाची प्रास्ताविका दोन्ही शाळांच्या मुलांनी उलटून टाकलेली होती. तिच्यातला एकेक शब्द घेऊन आम्ही बसतो. ‘दर्जाची समानता’ यावर चार रविवार गेले. पुतण्या दिवाळीपर्यंत बोलायला उठत नव्हता. उठला तेव्हा कापसाच्या वजनात काटा कसा मारतात यावर बोलला, आणि दोन मिनिटांत आटोपला नाही. ज्यांना आपल्या गावी असे बसायचे असेल त्यांनी दोन्ही माध्यमांची जुनी पुस्तके जमवून ठेवावी. मागितली की लोक देतात.