चिऱ्याची भिंत, ओल आणि आतून लावलेलं अस्तर

गोव्यातली जुनी घरं बघत फिरताना एक प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो: "भिंतीला ओल येते. आतून थर्माकोल आणि प्लायवूड लावून झाकून टाकू का? एसीसुद्धा बरा चालेल." मी म्हणतो, जरा थांबा. आधी ही भिंत चालते कशी ते बघू.

आपला चिरा म्हणजे लॅटराइट. फ्रान्सिस बुकॅनननं मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला हे नाव दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. खाणीत तो मऊ असतो, उघड्यावर टणक होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात, त्यामुळे तो पाणी पितोच.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भिंत अजिबात भिजू नये असा हट्ट जुन्या गवंड्यांनी धरला नाही. ती कमी भिजावी आणि भिजली तर वाळावी, एवढंच त्यांनी पाहिलं. म्हणून जोतं उंच, वळचण लांब, झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप, मधोमध राजांगण. गिलावा आणि रंग दोन्ही चुन्याचे, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडते.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट चढवला की वाळायची वाट बंद होते. जमिनीतून चढलेलं पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर जातं. सोबतचे क्षार पृष्ठभागाशी साठतात, लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. मग कुणीतरी सांगतं, "भिंत कुजली, घर पाडा." अशा निदानावर चांगली घरं जातात, हे मला सलतं.

आता आतल्या अस्तराचं. थंड देशांत घरातली हवा उबदार आणि दमट, म्हणून वाफ अडवणारा थर आतल्या बाजूला बसवतात. आपल्याकडे एसीच्या खोलीत हे उलटं होतं: दमट हवा बाहेर, गारवा आत. ३० अंश तापमानाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतलं बाष्प साधारण २६ अंशांना पाणी होतं. एसी २३ वर ठेवला, तर बाहेरून भिंतीतून आलेली वाफ थंड फळीच्या मागे दवासारखी जमते. तिथे बुरशी आणि वाळवी सुखानं राहतात, आणि ती दिसत नाहीत.

मग करायचं काय? आधी कौलं, पन्हळ आणि नळ तपासा. भिंतीला टेकलेली माती आणि सिमेंटची फरशी हटवा, पागोळ्यांचं पाणी लांब काढा. पायथ्याचा सिमेंट गिलावा हलक्या हातानं उतरवा आणि भिंतीला निदान एक उन्हाळा द्या. ती वाळली की चुन्याचा गिलावा करा. उकाड्याचा त्रास असेल तर खर्च छपराखाली करा. कौलारू घरात दुपारची उष्णता मुख्यतः वरून येते, जाड चिरा ती उशिरा आत सोडतो.

भिंत फुगली असेल किंवा भेगा रुंदावत असतील, तर मात्र जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनियरला बोलवा. नुसत्या ओलीसाठी घर पाडायची गरज सहसा नसते.