यादी नवरीच्याच हाती कशाला?

जळगावातल्या मेहरूणच्या लग्नघरात शेवटच्या आठवड्यात सर्वांत जास्त दमते ती नवरीच, आणि माझ्या मते दोष विधींचा नाही. घाणा भरताना मुसळांना आंब्याची पानं बांधून सुवासिनी हळकुंडं कुटतात. नवरीनं फक्त बसायचं. दमवते ती नवी यादी: ब्लाउजचं फिटिंग, पार्लर, फोटोवाला, जळगावच्या सराफ बाजारातल्या फेऱ्या. मग जुनं सगळं सुखाचंच होतं का? मुळीच नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी १३व्या वर्षी जळगावात सून होऊन आल्या. तेव्हा नवरीला विचारत होतं कोण? आज तिची पसंती चालते, हे चांगलंच. पण पसंती तिची म्हणून धावपळही तिचीच, हा कुठला न्याय? मेंदीच्या रात्री तरी ही यादी आणि तिचा फोन भावाच्या हाती द्या.