छोट्या आगगाडीचा सिग्नल

खेळण्यातील आगगाडी ही आता केवळ किल्ली देऊन जमिनीवर सोडून द्यावयाची वस्तू राहिलेली नाही. फळ्यांच्या मांडणीवर रूळ बसवून, स्थानक, पूल, बोगदा इत्यादी रचून, त्यावर विजेच्या योगाने गाड्या चालविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत शंभरांहून अधिक वर्षे चालत आला असून आपल्याकडेही त्याचे भोक्ते आहेत. पुण्यास कोथरूड भागात १९९८ साली उघडलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांस या छंदाची मजल कोठवर जाते हे सांगावयास नको. परंतु घरोघरी मांडल्या जाणाऱ्या रुळांत एक उणीव आमच्या नेहमी दृष्टीस पडते. तेथे सिग्नल असतो, त्यास तांबडा-हिरवा दिवाही असतो. मात्र रुळांवर काय चालले आहे याची त्या दिव्यास काहीच वार्ता नसते. खटका दाबला की तो हिरवा होतो. मग पुढे दुसरी गाडी उभी असो, वा सांधा भलत्याच मार्गास लागलेला असो. असा सिग्नल म्हणजे भिंतीवर रंगविलेले घड्याळ होय. सिग्नलने खरे तेच बोलावे यासाठी तारा कशा जोडाव्या, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय खेळाचा असला तरी त्यामागील विचार खेळाचा नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम गाडी चालते कशी ते पाहू. मुंबईच्या लोकल गाडीस वीज डोक्यावरील तारेतून मिळते व रुळांवाटे ती परत जाते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी निघाली, तेव्हा त्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. पुढे टप्प्याटप्प्याने फेरफार होऊन २०१६ पर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर सर्वत्र २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला. छोट्या गाडीस डोक्यावर तार नसते. तिच्या दोन रुळांपैकी एकातून प्रवाह येतो, इंजिनातील मोटारीतून फिरतो व दुसऱ्या रुळाने परत जातो. याकरिता एका आसावरील दोन चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेली असतात. रुळांवर जास्तीत जास्त १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह देतात. व्होल्ट कमीजास्त केले की वेग कमीजास्त होतो आणि दोन तारांची अदलाबदल केली की इंजिन उलट दिशेस जाते. इंजिन ज्या दिशेस तोंड करून उभे असेल त्या दिशेने पाहता उजवा रूळ धन असला म्हणजे ते पुढे चालते, असा संकेत ठरलेला आहे.

येथे पालकांसाठी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. भिंतीतील वीज २३० व्होल्टची, म्हणून प्राणघातक असते. ती १२ व्होल्टवर आणणारे यंत्र बाजारातून तयार व प्रमाणित असेच घ्यावे. ते उघडण्याचा वा घरी बनविण्याचा उद्योग मुलांस करू देऊ नये. त्या यंत्राच्या अलीकडे, म्हणजे रुळांच्या बाजूस, मुलांनी वाटेल तितके जोडावे व सोडावे. फार झाले तर एखादी तार तापेल.

आता एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली की अडचण सुरू होते. प्रवाह दोघांसही मिळतो व दोन्ही एकदम चालू लागतात. यावर उपाय म्हणजे रुळांचे खंड पाडणे. एक रूळ सर्वत्र अखंड ठेवावा. दुसऱ्या रुळास जागोजाग बारीक फट पाडून तेथे धातूच्या जोडपट्टीऐवजी प्लॅस्टिकची बसवावी. प्रत्येक खंडास स्वतंत्र तार व स्वतंत्र खटका दिला म्हणजे एक गाडी फलाटावर उभी असता दुसरी फिरत राहू शकते. अखंड रूळ हा सर्वांचा सामाईक परतीचा मार्ग होतो आणि त्यामुळे तारांची संख्या जवळजवळ निम्मी होते. मात्र धातूच्या जोडपट्ट्यांवर फार विश्वास ठेवू नये. त्या काळाने सैल होतात, मळतात, आणि गाडी दूरच्या टोकास गेली की मंदावते. प्रत्येक खंडास खालून कथलाचा डाख लावून पक्की तार द्यावी हे उत्तम. एकच रंगाची तार सगळीकडे वापरण्याचा मोहही टाळावा. परतीच्या तारांस काळा रंग ठरवून टाकला आणि बाकीच्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या, तर वर्षभराने बिघाड शोधताना आपण स्वतःसच धन्यवाद द्याल.

सांध्यांविषयी थोडक्यात सांगतो. सांधा हलविण्यासाठी त्याखाली तारेची दोन वेटोळी असलेली मोटार बसवितात. एका वेटोळ्यात प्रवाह सोडला की आतील लोखंडी कांडी इकडे ओढली जाते, दुसऱ्यात सोडला की तिकडे. हा प्रवाह क्षणभरच हवा असतो. बटण दाबून धरल्यास वेटोळे जळून जाते. म्हणून शहाणे लोक मध्ये एक मोठा कपॅसिटर घालतात. तो हळूहळू भरतो व बटण दाबताच एकदम रिकामा होतो. झटका जोराचा बसतो आणि बटण कितीही वेळ दाबले तरी वेटोळ्यास इजा होत नाही. मोटार घेताना तिच्याबरोबर हलणारा एक दुमुखी खटका असेल अशीच घ्यावी, कारण सांधा कोणीकडे लागला आहे हे सिग्नलास सांगणारा तोच साक्षीदार आहे.

सिग्नलचे दिवे हल्ली एलईडीचे असतात. त्यांस सरळ १२ व्होल्ट दिले तर ते तत्काळ निकामी होतात. मध्ये रेझिस्टर हवा. त्याचे गणित सातवीच्या मुलासही येईल. दिव्यास २ व्होल्ट लागतात, म्हणजे १० व्होल्ट रेझिस्टरने खावयाचे. प्रवाह ठेवावयाचा १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर, १० ला ०.०१ ने भागिले की १,००० ओहम. दिव्यांचा प्रवाह गाडीच्या प्रवाहाहून वेगळ्या यंत्रातून घ्यावा. नाहीतर गाडी हळू केली की सिग्नलही मिणमिणू लागतो.

येथवर सर्व सोपे आहे. आता सिग्नलने हिरवे केव्हा व्हावे हा खरा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडा वेळ मेज सोडून आयर्लंडात जावे लागते.

१२ जून १८८९ रोजी आर्मा या गावाहून रविवारच्या शाळेची मुले व त्यांचे आप्त यांनी भरलेली एक सहलीची गाडी समुद्रकाठी निघाली. चढावर इंजिनास ओझे ओढवेना व गाडी थांबली. पुढचे डबे वेगळे करून वर न्यावे, म्हणून गाडी मध्येच तोडण्यात आली. परंतु मागील डब्यांचे ब्रेक त्यांस धरून ठेवू शकले नाहीत, आणि चाकांखाली दगड घातले असताही ते डबे उतारावरून मागे धावू लागले. त्या मार्गावर त्या काळी गाड्या केवळ वेळेच्या अंतराने सोडीत. एक गाडी जाऊन ठरीव मिनिटे झाली की पुढचा मार्ग मोकळा झाला असे धरून दुसरी निघे. त्याप्रमाणे मागून नेहमीची गाडी येतच होती. घसरत आलेले डबे तिच्यावर आदळले व सुमारे ८० माणसे प्राणास मुकली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून उतारूंच्या मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी, सांधे व सिग्नल एकमेकांशी जखडलेले असावे, आणि सर्व डब्यांस आपोआप लागणारे ब्रेक असावे. मार्ग मोकळा आहे असे ‘धरून चालणे’ येथे संपले. तो मोकळा आहे याचा पुरावा मिळाल्यावाचून गाडी सोडू नये, हा नियम झाला.

हा पुरावा विजेने कसा मिळवावा हे अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन याने १८७२ सालीच दाखविले होते. रुळांच्या एका खंडाच्या एका टोकास त्याने बॅटरी लावली व दुसऱ्या टोकास रिले. रिले म्हणजे विजेने हलणारा खटका: वेटोळ्यात प्रवाह असेपर्यंत पट्टी ओढलेली राहते, प्रवाह थांबताच ती सुटते. खंड रिकामा असता प्रवाह रुळांतून रिलेपर्यंत पोचतो व सिग्नल मोकळा राहतो. गाडी आली की तिच्या लोखंडी चाकांतून व आसातून प्रवाहास जवळची वाट मिळते, रिले उपाशी राहतो, पट्टी सुटते, सिग्नल तांबडा होतो. यातील खुबी अशी की, तार तुटली, बॅटरी संपली किंवा रूळच मोडला, तरीही रिलेस प्रवाह मिळत नाही व सिग्नल तांबडाच होतो. बिघाड झाला तर तो गाडी थांबविण्याच्या बाजूस व्हावा, हे या रचनेचे मर्म. आमच्या मते रेल्वेच्या इतिहासात यापेक्षा थोर कल्पना थोड्याच सापडतील.

ही रचना आपल्या मेजावर जशीच्या तशी आणता येत नाही. आपल्या चाकांचे आस अलग केलेले असतात, त्यामुळे ते रूळ जोडीत नाहीत. आणि जोडले तर गाडीचाच प्रवाह बंद पडेल. (१९३८ साली निघालेल्या हॉर्न्बी-डब्लोच्या जुन्या गाड्यांस मधला तिसरा रूळ असे, तेथे हे काही अंशी साधता येई.) म्हणून हौशी लोक बहुधा दुसरी युक्ती करतात. खंडात इंजिन असले की ते प्रवाह ओढते. तो प्रवाह ओळखणारे एक लहानसे विद्युत्-साधन तारेत घालतात, व ज्या डब्यांस मोटार नाही त्यांच्या आसावर १०,००० ओहमचा रेझिस्टर चिकटवितात, म्हणजे सुटलेला डबाही ‘दिसतो’. युक्ती चांगली आहे, परंतु तिची दिशा उलटी आहे हे ध्यानात ठेवावे. येथे प्रवाह असेल तर गाडी आहे, नसेल तर मार्ग मोकळा, असा अर्थ होतो. मग तार तुटली तर? साधन म्हणेल, मार्ग मोकळा! आर्माच्या मार्गावर जे ‘धरून’ चालत होते, तेच येथे तारेने धरले.

त्यापेक्षा प्रकाशाचा उपाय आम्हांस अधिक पसंत आहे. रुळांच्या एका बाजूस न दिसणाऱ्या तांबड्याखालच्या प्रकाशाचा दिवा व दुसऱ्या बाजूस तो ओळखणारा डोळा बसवावा. प्रकाश पोचत असेल तर रिले ओढलेला राहील. गाडी मध्ये आली की सुटेल. आणि दिवा गेला, तार तुटली, तरीही सुटेल. किरण रुळांस काटकोनात न नेता तिरपा न्यावा, म्हणजे दोन डब्यांमधील फटीतून तो निसटत नाही. एक किरण एकाच जागेवर पहारा करतो, म्हणून सर्वांत लहान गाडीच्या लांबीहून कमी अंतरावर दुसरा, तिसरा असे बसवावे व सर्व रिलेंचे संपर्क एकामागे एक जोडावे. या रचनेस एकच शत्रू आहे, तो म्हणजे खिडकीतून येणारे ऊन. ते डोळ्यावर पडले तर गाडी असूनही मार्ग मोकळा भासेल. तेव्हा डोळा काळ्या कागदाच्या नळीत बसवावा.

आता सर्व साक्षीदार एकत्र आणू. सिग्नलचा स्वतःचा एक रिले असावा व त्याकडे जाणारी तार तीन ठिकाणांतून न्यावी: सांध्याच्या खटक्यातून, किरणांच्या रिलेंतून, आणि शेवटी केबिनमध्ये बसलेल्या मुलाच्या हातातील खटक्यातून. तिन्ही जुळले तरच सिग्नलचा रिले ओढला जातो, हिरवा दिवा लागतो व सिग्नलच्या अलीकडील रुळाच्या तुकड्यास प्रवाह मिळतो. एकानेही नकार दिला तर पट्टी सुटून तांबडा दिवा लागतो आणि तो तुकडा निर्जीव होतो, म्हणजे येणारे इंजिन तेथेच थांबते. हा तुकडा इंजिनाच्या लांबीच्या दुप्पट तरी असावा. केबिनमधील मुलाने कितीही हट्ट केला तरी सांधा चुकीचा असता त्यास हिरवा मिळत नाही. जॉन सॅक्सबी याने १८५६ साली लोखंडी दांड्यांनी सांधे व सिग्नल जखडण्याचे पेटंट घेतले; आपण तेच तारांनी केले. मॅन्चेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकात १९१२ साली अशीच एक छोटी रेल्वे सिग्नलवाल्यांच्या शिक्षणासाठी बांधली होती व पुष्कळ वर्षे तेथे मोठी माणसे तिच्यावर धडे घेत असत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९४६ साली निघालेल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात सिग्नल व वीज पाहणारी शाखा टेलिफोनच्या जुन्या भागांनी असेच जाळे विणीत असे. त्यांतील काही विद्यार्थी पुढे पहिल्या संगणकांकडे वळले, यात आम्हांस नवल वाटत नाही. ‘हे आणि हे खरे असेल तरच ते’, हा विचार दोहोंकडे एकच आहे.

अलीकडे अंकांनी चालणारी नियंत्रण-पद्धती आली आहे, जिला डीसीसी म्हणतात. तीत रुळांवर वीज सदैव पूर्ण असते, व तिची दिशा सेकंदास हजारो वेळा उलटवून त्या उलटण्याच्या कमीअधिक काळांतून आज्ञा पाठविल्या जातात: ५८ मायक्रोसेकंदांचे अर्धे म्हणजे एक, १०० वा अधिक म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिनात त्या वाचणारे साधन असून त्यास स्वतःचा क्रमांक असतो. एका खंडात दोन इंजिने वेगवेगळी चालविता येतात, हा मोठा लाभ. पण म्हणूनच ती समोरासमोर आदळविताही येतात! सिग्नल व त्याचे साक्षीदार येथेही पूर्वीइतकेच हवेत.

मांडणी पुरी झाली की गाडी फिरविण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. खंडात एक डबा उभा करावा आणि फलाटाखालील तारा एकेक करून उपटाव्या. जी तार उपटली असता सिग्नल हिरवा होतो, ती जोडणी खोटी समजून बदलावी. ही परीक्षा डबा काढून घेऊनही करावी. तेव्हा मोकळ्या मार्गाचा हिरवा सिग्नल तार सुटताच तांबडा झाला पाहिजे. तांबड्या दिव्याचीच तार उपटली तर सिग्नल अंधारा होईल, परंतु निर्जीव तुकड्यामुळे गाडी तरीही थांबेल. खऱ्या रेल्वेतही विझलेला सिग्नल ड्रायव्हरने तांबडाच समजावयाचा असतो.