घाटाआधीची भ्रमंती
माडपचा बोगदा ओलांडून खालापूरच्या टोलनाक्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर, जिथे वेग एकसारखा राहतो, तिथे सरावलेल्या चालकाचे हात स्टिअरिंगवर स्वयमेव चालतात आणि चित्त मात्र मुलीच्या लग्नापासून जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत यथेच्छ विहार करून येते. अवधानाचा ताण सैल होताच मेंदूतील जे जाळे कार्यप्रवृत्त होते, ज्याच्या मूलावस्थेचे वर्णन मार्कस रेकल व सहकाऱ्यांनी २००१ साली केले, ते स्मृती आणि भविष्यचिंतन यांच्याशी निगडित आहे. कर्जतला मागून जोडलेली इंजिने गाडी घाटावर रेटू लागली, की रेल्वेच्या प्रवाशाने खुशाल या विहारात रमावे. चालकाला ती मुभा नाही, कारण ताशी ८० किलोमीटर वेगाने एका सेकंदाच्या अनवधानात मोटार सुमारे २२ मीटर पुढे गेलेली असते.