इंटरनेट नसलेल्या नेटवर्कमध्ये घड्याळं कशी जुळतात?
मोबाईलला वेळ टॉवर किंवा इंटरनेटवरून मिळते, म्हणून आपलं तिकडे लक्षच जात नाही. पण मी ज्या कारखान्यांत सॉफ्टवेअर बसवतो, तिथलं नेटवर्क सुरक्षेसाठी बाहेरून तोडलेलं असतं. कॉम्प्युटरमधलं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एखादा सेकंद सहज सरकतं, आणि प्रत्येकाचं वेगळं! महिन्याभराने अलार्म आधी वाजला की मशीन आधी बंद पडलं, हे लॉग बघून कळतच नाही.

अशा वेळी एका कॉम्प्युटरला मुख्य घड्याळ करायचं. त्यावर 'क्रोनी' टाकून 'लोकल स्ट्रॅटम १०' सेट केलं, की इंटरनेट नसतानाही तो बाकीच्यांना एनटीपीने वेळ देतो. तो दोन मिनिटं मागे असला तरी घटनांचा क्रम बरोबर लागतो, कारण सगळेच तेवढे मागे! खरी वेळ हवीच असेल, तर त्याला जीपीएस रिसीव्हर जोडा. त्याला इंटरनेट लागत नाही, अँटेनाला मोकळं आकाश मात्र लागतं.