बादशहाची रोजनिशी आणि लांबलेला हरुद

दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरला जाऊन आलेल्या मंडळींची अलीकडे एक ठरलेली तक्रार असते: चिनार हिरवेच होते. स्वेटर बॅगेतच राहिले, दुपारी तर ऊन लागत होतं, आता हवामानच बदललं हो. हवामान बदललंय, यात वाद नाही. पण या तक्रारीतला निम्मा दोष आपल्या पंचांगाचा आहे. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. श्रीनगरात चिनार रंगावर येतो तो साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. एका दिवाळीत तिथली नसीम बाग पेटल्यासारखी दिसावी आणि दुसऱ्या दिवाळीत हिरवीगार, याला पृथ्वीचं तापमान वाढायची गरजच नाही. चंद्राच्या तिथीला बांधलेली आठवण सूर्याच्या ऋतूची साक्ष द्यायला उभी राहिली की असा घोळ होणारच.

पानगळीचं मला जुनं वेड आहे आणि ते मुळात या घोळातून लागलं. आपल्याकडे सह्याद्रीत लाल पान म्हणजे कोवळं पान. फाल्गुन-चैत्रात कुसुंब लालबुंद होतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते. काश्मीरच्या हरुदात, म्हणजे तिथल्या शरदात, मात्र तोच रंग पानाच्या जाण्याचा. ते जाणं पूर्वी कधी सुरू व्हायचं आणि आता कधी होतं, हे ठरवायला कुणीतरी तारीख लिहून ठेवलेली हवी. ‘आमच्या लहानपणी’ ही तारीख नव्हे.

रंगाचं शास्त्र बहुतेकांना ठाऊक असतं. हरितद्रव्य मोडीत निघतं, झाड पानातलं नत्र काढून फांद्या-खोडात साठवतं आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. त्यासाठी लख्ख दिवस आणि गार, पण गोठवणारी नव्हे अशी रात्र लागते. या सगळ्यामागे झाडाची दोन घड्याळं असतात. एक प्रकाशाचं. श्रीनगरात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिवस साडेदहा तासांवर आलेला असतो. जहांगीर बादशहाच्या वेळीही तो तेवढाच होता. दुसरं घड्याळ थंडीचं, आणि तेच आता रेंगाळू लागलंय. २०२४चा ऑक्टोबर हा भारतातला १९०१पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. पश्चिमेकडून येणारे हवेचे झंझावात त्या महिन्यात कमजोर पडले की काश्मिरात आभाळ निरभ्र राहतं, दुपार उबदार होते आणि हरुद लांबतो.

तरीही ‘ऊब वाढली म्हणून पानगळ लांबली’ एवढं सरळ हे प्रकरण नाही. २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेबोरा झानी आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या झाडांच्या नोंदी तपासून उलटाच निष्कर्ष काढला: वसंत आणि उन्हाळा भरभराटीचा गेला तर झाडाची भूक लवकर भागते आणि पानं लवकर पिवळी पडतात. शतकाच्या अखेरीस पानगळ लांबण्याऐवजी तीन ते सहा दिवस अलीकडे येईल, असं त्यांचं गणित. त्यावर हरकती आल्या. २०२३ साली कॉन्स्टँटिन झोनर आणि मंडळींनी मधला मार्ग दाखवला: २१ जूनच्या आधीची ऊब पानगळ अलीकडे ओढते, नंतरची ऊब ती पुढे ढकलते. मला हे पटतं. मात्र हा सगळा वाद युरोपात रंगला, कारण तारखांच्या वह्या युरोपात आहेत. मग काश्मीरची वही कुठे शोधायची?

माझ्या मते ती ‘तुझुक-ए-जहांगीरी’त, म्हणजे जहांगीर बादशहाच्या रोजनिशीत आहे.

जहांगीर म्हटलं की आपल्याला मद्याचा पेला, नूरजहान आणि साखळीला टांगलेली न्यायाची घंटा आठवते. पण या माणसाला मोजण्याचं व्यसन होतं, आणि ते मद्याइतकंच जडलेलं होतं. सारसांच्या जोडीने अंडी कधी घातली, पिल्लं कधी बाहेर आली, हे तो लिहितो. १६२० साली काश्मिरात असताना त्याने उस्ताद मन्सूरकडून शंभरावर फुलांची चित्रं काढून घेतली. याच काळातली चिनाराची नोंद मला विशेष आवडते. श्रीनगरपासून हिंदुस्थानच्या वाटेवर अडीच कोसांवर रावलपूर गाव, तिथे आतून जळून पोकळ झालेला एक चिनार. पंचवीस वर्षांपूर्वी आपण घोड्यावर बसून, सोबत जीन चढवलेले आणखी पाच घोडे आणि दोन खोजे घेऊन या झाडाच्या पोटात शिरलो होतो, असं बादशहा सांगतो. ही गोष्ट काढली की लोक चकित व्हायचे. म्हणून या खेपेस त्याने पुन्हा माणसं आत घालून खात्री करून घेतली. वर दाखलाही देतो, की अकबरनाम्यात याच झाडात वडिलांनी चौतीस माणसं दाटीवाटीने उभी केल्याची नोंद आहे.

शिकाऱ्यावरचे वाटाडे सांगतात की चिनार मोगलांनी इराणातून आणला. या एकाच नोंदीने ती थाप उघडी पडते. काश्मीर अकबराच्या हाती आलं १५८६ साली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत कुठलं झाड चौतीस माणसं मावतील एवढं पोकळ होईल? बडगाम जिल्ह्यातल्या चत्तरगामचा चिनार १३७४ साली लावल्याचं परंपरा सांगते, आणि चौदाव्या शतकातल्या संतकवयित्री ललद्यदच्या नावावरच्या वाखांतही, म्हणजे पदांतही, या झाडाची सावली आहे. मोगलांनी चिनार ओळीत लावले, बागेत बसवले. झाड आधीपासून होतंच.

तर अशा या रोजनिशीत १६२०च्या हरुदाची नोंद आहे. मेहर महिन्याच्या अखेरीस बादशहाने परतीची वाट धरली, आणि केशर फुललं होतं म्हणून शहराजवळून तो पांपूरला गेला. शेतांमागून शेतं फुललेली. तिथे मद्याची बैठक झाली, वासाने सगळ्या लवाजम्याचं डोकं दुखू लागलं, बादशहाचंही. त्याने फुलं वेचणाऱ्या काश्मिऱ्यांना विचारलं, तर त्यांना डोकेदुखी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. (विचारताना त्याने त्यांच्याविषयी जे शब्द वापरलेत ते मी इथे देत नाही. बादशहा मोजण्यात पक्का होता, माणुसकीत नव्हे.)

यातला ‘मेहर’ फार मोलाचा आहे. तो हिजरी महिना नव्हे. हिजरी वर्ष चांद्र, दर वर्षी अकरा दिवसांनी मागे सरकणारं आणि अधिक महिना न मानणारं. त्यातली तारीख ऋतूच्या कामाची नाही. पण अकबराने १५८४ साली फतहउल्ला शिराझीच्या मदतीने इलाही हा सौर संवत सुरू केला. त्याचं वर्ष वसंतसंपाताला सुरू होतं आणि मेहर शरदसंपाताच्या आसपास लागतो. म्हणून मेहरची अखेर म्हणजे आजच्या हिशेबाने ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. चारशे वर्षांपूर्वी पांपूरला केशर केव्हा फुललं होतं, याचं उत्तर इतक्या नेमकेपणाने मिळतं, ते एका कालगणनेच्या सुधारणेमुळे.

पण नोंद खरी आहे कशावरून? इथे गोष्ट मुंबई इलाख्यात येते, आणि मला अनपेक्षित खजिना सापडला तो इथेच.

जहांगीरच्या आठवणी इंग्रजीत पहिल्यांदा पुस्तकरूपाने आल्या १८२९ साली. अनुवादक मेजर डेव्हिड प्राइस, कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. टिपूविरुद्धच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेने धारवाडला वेढा घातला होता. सोबत कॅप्टन लिटलची मुंबईहून आलेली तुकडी होती आणि त्या तुकडीत हा प्राइस. १७९१ साली त्या वेढ्यात त्याने एक पाय गमावला. लढाई संपली म्हणून नव्हे, पाय गेला म्हणून त्याची फारसी वाढली, असा माझा तर्क आहे. पुढे तो मुंबई फौजेचा न्यायाधिकारी झाला, श्रीरंगपट्टणच्या स्वारीत फारसी दुभाष्या होता, आणि निवृत्तीनंतर वेल्समधल्या ब्रेकन गावी बसून फारसी हस्तलिखितं उलगडत राहिला.

दुर्दैव असं की त्याच्या हाती आलेली पोथीच भेसळीची होती. कुणा हौशी लेखकाने बादशहाच्या तोंडी भलभलत्या रकमा घातल्या होत्या. रत्नं, सोनं, हत्ती, सगळं अवाच्या सवा. प्राइसने ते इमानदारीने इंग्रजीत आणलं. इलियट आणि डाउसन यांच्या इतिहाससंग्रहात या पोथीचे वाभाडे निघाले, तेव्हा प्राइस केव्हाच वारला होता. मला या माणसाची कणव येते. एका पायावर उभं राहून आयुष्यभर केलेलं काम, आणि पोथी खोटी.

खऱ्या ग्रंथाचा फारसी मजकूर छापला सर सय्यद अहमद यांनी, १८६३ साली गाझीपूर आणि १८६४ साली अलीगढला. त्यावरून इंग्रजी अनुवाद केला अलेक्झांडर रॉजर्सने. हाही मुंबईचाच, पण मुलकी खात्यातला. जमीनमहसुलात आयुष्य गेलेला हा माणूस. १८९२ साली मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाचा दोन खंडी इतिहास त्याने लिहिला. आमच्या खेड्यापाड्यांतली आकारणी, जिराईत-बागाईत, सूट आणि थकबाकी यांचा हिशेब संपवून म्हातारपणी तो जहांगीरकडे वळला. त्याचा अनुवाद संपादित केला हेन्री बेव्हरिजने. बेव्हरिज बंगालमधला निवृत्त न्यायाधीश, अकबरनाम्याचा अनुवादक. त्याची बायको ॲनेटने बाबरनामा इंग्रजीत आणला आणि त्यांच्या मुलाच्या १९४२च्या अहवालावर ब्रिटनची कल्याणकारी व्यवस्था उभी राहिली. बेव्हरिजने लंडनमधली हस्तलिखितं समोर ठेवून सय्यद अहमद यांच्या छापील मजकुरातल्या चुका शोधल्या. नावं आणि आकडे यांच्यावर त्याचा विशेष डोळा. दोन खंड निघाले, १९०९ आणि १९१४ साली.

या तळटिपा कंटाळवाण्या आहेत असं म्हणतात. मी त्या मूळ मजकुरापेक्षा जास्त वेळा वाचल्यात. एक आकडा चुकलाय की लेखनिकाचा बोरू घसरलाय, यावर दोन निवृत्त साहेब इंग्लंडात बसून डोकेफोड करतात, म्हणून आज मी मेहरच्या अखेरीवर भरवसा ठेवू शकतो. प्राइसच्या पोथीवरून कुणी केशराचा हंगाम ठरवला असता तर तो हत्तींच्या संख्येइतकाच विश्वासाचा ठरला असता.

पुढची नोंदही महसूलवाल्याचीच. वॉल्टर लॉरेन्सने काश्मीरची जमीन मोजली आणि १८९५ साली ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ लिहिलं. केशर ऑक्टोबरच्या मध्यास फुलतं, असं तो सांगतो. आता पांपूरला वेचणीचा भर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असतो. तीन टिंबांवरून रेघ ओढू नये हे मला कळतं. १६२०चं ते एकच वर्ष होतं, आणि ते नेमकं गार किंवा नेमकं उबदार असू शकतं. पण केशराचा कांदा या कामात चिनारापेक्षा सरळ साक्षीदार आहे. जमिनीखाली फुलाचा कोंब धरतो तो २३ ते २७ अंशांत, आणि तो वर यायला तापमान १७च्या आसपास उतरावं लागतं. ते उतरलं नाही तर फूल थांबून राहतं. कोरड्या सप्टेंबरचा फटका वेगळाच. नव्वदच्या दशकात केशराखाली सुमारे ५,७०० हेक्टर होते, ते पुढे ३,७००वर आले. २०१० साली राष्ट्रीय केशर अभियानातून तुषारसिंचनाची योजना आली, तरी पांपूरचा शेतकरी अजून आभाळाकडेच पाहतो.

लांबलेल्या उबेची खरी किंमत मात्र पर्यटकाला दिसत नाही. पानं फांदीवर टिकली आणि मग अचानक बर्फ पडलं, तर पानापानावर बर्फ साचतं आणि फांद्या मोडतात. ३ नोव्हेंबर २०१८ आणि ७ नोव्हेंबर २०१९, लागोपाठ दोन वर्षं असंच झालं. सफरचंदाच्या बागा पानांनिशी उभ्या होत्या, कित्येक ठिकाणी फळंही उतरायची होती. वीस-वीस वर्षांची झाडं बुंध्यापासून चिरफाळली. चिनारांच्याही फांद्या कोसळल्या. उघड्या फांदीवरून जे बर्फ घसरून पडलं असतं, त्याला पानांनी धरून ठेवलं.

गावात हरुदाचं काम वेगळंच चालतं. बायका चिनाराची पानं झाडून गोळा करतात, पेटवतात, वर पाणी शिंपडून कोळसा करतात. तो चिल्ले कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, २१ डिसेंबरपासून, ऊब घ्यायच्या कांगडीत जातो. श्रीनगरात आता धुरामुळे पानं जाळण्यावर मनाई होते. हवा कोरडी आणि शांत असली की धूर खोऱ्यातच कोंडतो, हे खरंच आहे. पण बंदीचा हुकूम काढणाऱ्याच्या खोलीत हीटर असतो, एवढं म्हणून पुढे जातो.

जम्मू-काश्मीरच्या वनसंशोधन संस्थेने अलीकडे चिनारांची शिरगणती केली. २८ हजारांहून अधिक झाडांना क्रमांक दिले, खोडांवर क्यूआर कोडची पाटी लावली. स्थान, उंची, घेर, प्रकृती असा तपशील मोबाइलवर दिसतो. रावलपूरच्या झाडात माणसं कोंबून घेर मोजणाऱ्या बादशहाला ही पाटी फार आवडली असती. तिच्यात दर वर्षी एक रकाना भरायला हवा: पहिलं पान पिवळं पडलं ती तारीख, आणि शेवटचं गळलं ती. मोबाइल घेऊन झाडाखाली उभ्या राहणाऱ्या पर्यटकांकडूनही ती घेता येईल, त्यात आमची मराठी मंडळी कमी नसतात.

जहांगीरची स्वतःची लेखणी १६२२च्या सुमारास थांबली. प्रकृती ढासळली, तेव्हा रोजनिशी मुतमद खानाकडे गेली आणि १६२४मध्ये तीही खुंटली. १६२७च्या हरुदात काश्मीरहून परतताना बादशहा वाटेतच वारला. ज्या अच्छाबलच्या झऱ्यावर तो आणि नूरजहान मुक्काम करत, तो झरा २०२५च्या फेब्रुवारीत आटला होता. ती तारीख वर्तमानपत्रांनी छापली आहे.