पाहणं म्हणजे पाणी सोडणं नव्हे
(संगणकाच्या आतल्या वाटा : भाग १२)

इटियाडोहचं धरण गोंदिया जिल्ह्यात, गाढवी नदीवर. त्याचा नहर मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडून वडसा-आरमोरीकडच्या धानाला पाणी देतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी उतरलं की ते कुठल्या नदीचं, हे तिथला शेतकरी विचारत बसत नाही. मागच्या भागात पाहिलेलं एनएफएस असंच वागतं. फाइल दूरच्या सर्व्हरवर असते, पण दिसते आपल्याच डिरेक्टरीत.

शेकडो डिरेक्टऱ्या कायमच्या जोडून ठेवल्या, तर एक सर्व्हर बंद पडताच त्याची वाट पाहत आपलं यंत्रही अडकतं. म्हणून मागणी आली की जोडायचं आणि वापर थांबला की सोडायचं. हे काम ऑटोमाउंटरचं. सन मायक्रोसिस्टिम्सनं तो १९८८ मध्ये सनओएस ४.० सोबत दिला. पुढच्याच वर्षी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात जॅन-सायमन पेंड्री यांनी ‘एएमडी’ लिहिला.

दोघांनीही एकच आडवाट धरली, आणि खरं दुखणं तिथूनच सुरू झालं. सनचा ऑटोमाउंटर पाहा. तुम्ही /होम/मीना मागितलं की तो मीनाची डिरेक्टरी /टीएमपी_एमएनटी/होम/मीना इथे जोडायचा, आणि /होम/मीना या जागी सिमलिंक दाखवायचा. सिमलिंक म्हणजे ‘तिकडे जा’ एवढंच सांगणारी चिठ्ठी. फाइल उघडायची, काम व्हायचं. पण आत गेल्यावर ‘मी कुठे आहे?’ असं विचारलं की उत्तर यायचं /टीएमपी_एमएनटी/होम/मीना. प्रोग्राम तोच पत्ता लिहून ठेवायचे. काही मिनिटं कुणी हात लावला नाही की जोडणी सुटायची. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम त्या पत्त्यावर थेट जायचा आणि तिथे काहीच नसायचं, कारण दरवाजा उघडणारा बसलेला /होमवर. गेटवर काही न सांगता वितरिकेच्या टेलवर जाऊन पाण्याची वाट पाहावी, तसं हे झालं.

सनच्याच ब्रेंट कॅलहॅन आणि सतिंदर सिंग यांनी १९९३ मध्ये ऑटोएफएस मांडलं. त्यात मागणी ओळखण्याचं काम कर्नलमध्ये आलं आणि जोडणी थेट /होम/मीना या डिरेक्टरीवरच होऊ लागली. चिठ्ठी गेली, दुसरा पत्ताही गेला. मला हा बदल वेगापेक्षा प्रामाणिकपणासाठी मोलाचा वाटतो. माणसाला दिसतो तोच पत्ता यंत्रालाही दिसला पाहिजे.

पुढचा प्रश्न यादीचा. सुरुवातीला /होममध्ये एलएस आज्ञा दिली की फक्त आधीच जोडलेली नावं दिसायची. नवख्याला वाटे, आपलं सगळं पुसलं गेलं. मग न जोडलेली नावंही रिकाम्या डिरेक्टऱ्यांच्या रूपात दाखवायची सोय आली. पण रंगीत एलएस किंवा फाइल मॅनेजर प्रत्येक नावाची माहिती विचारतो, आणि नुसत्या त्या विचारण्यानं शेकडो जोडण्या एकदम सुरू व्हायच्या. नहराकाठी उभं राहून गेट मोजावीत आणि मोजता मोजता सगळी उघडावीत, असा प्रकार. म्हणून आजच्या लिनक्समध्ये डिरेक्टरीची नुसती माहिती विचारली तर जोडणी होत नाही. आत शिरलं किंवा ती उघडली, तरच होते. हाच नियम योग्य आहे.

सिमलिंक इथे पुन्हा आडवी येते. वरची सूट पत्त्याच्या फक्त शेवटच्या टप्प्याला आहे. चिठ्ठी /होम/मीनाकडे बोट दाखवत असेल तर ठीक. ती /होम/मीना/नोंदीकडे दाखवत असेल, तर ‘नोंदी’पर्यंत पोचायला मीनाच्या डिरेक्टरीतून जावंच लागतं, आणि तो सर्व्हर बंद असला की रंगीत एलएसची यादीही ताटकळते. अशा चिठ्ठ्या सगळ्यांच्या वर्दळीच्या डिरेक्टरीत ठेवू नयेत.

सर्वांत जास्त फसगत होते ती सर्व्हरवरच्या चिठ्ठीनं. आमच्या पूर्व विदर्भात गावोगावी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. एका गावातल्या माणसानं ‘सामान मामा तलावाच्या पाळीवर ठेवलंय’ असं लिहून चिठ्ठी दुसऱ्या गावी धाडली, तर वाचणारा आपल्याच तलावावर जाईल. एनएफएसवरची सिमलिंक तशीच वाचली जाते. सर्व्हर तिचा मजकूर फक्त हवाली करतो, अर्थ क्लायंट आपल्या डिरेक्टऱ्यांच्या झाडात लावतो. सर्व्हरवर जागा संपली म्हणून मीनाचं सामान /डेटा२/मीना इथे हलवून जुन्या जागी चिठ्ठी ठेवली, तर क्लायंट स्वतःची /डेटा२ शोधतो. ती नसली तर निदान चूक कळते. असली, तर भलतंच काही उघडतं. ‘एक पायरी वर जा’ सांगणाऱ्या सापेक्ष चिठ्ठ्याही वाटून दिलेल्या डिरेक्टरीच्या हद्दीबाहेर गेल्या की अशाच भरकटतात. हद्दीच्या आत राहिल्या तर बिनधास्त वापराव्यात.

सामान हलवलं, तर कुठलं नाव कुठून जोडायचं हे सांगणाऱ्या ऑटोमाउंटरच्या नकाशातली मीनाची ओळ बदलावी. पत्ता /होम/मीना हाच राहतो, आणि पुढच्या जोडणीपासून पाणी नव्या तलावातून येतं.